गौर मुंबईला गेली त्या वर्षी

आमच्या रोह्याच्या घरातली गौर घारी आहे. गावातल्या बाकीच्या गौरी काळ्याभोर डोळ्यांच्या, आमची निळसर डोळ्यांची. लहानपणी मला वाटायचं, गौरी दोन प्रकारच्या असतात, साध्या आणि आमची. हा समज मी चांगला पन्नाशी जवळ येईपर्यंत जपला. त्याच समजापायी एका वर्षी मी तिला मुंबईच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत उभी करून आलो.

ती घरात आली ती आजोबांमुळे. स्वातंत्र्य मिळालं, साहेब लोक चंबूगबाळं आवरून निघाले आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं. आजोबा तेव्हा मुंबईला गोदीत कारकून होते. ते आरामखुर्ची घ्यायला म्हणून गेले. खुर्ची त्यांच्याआधी कुणी उचलली, आणि रिकाम्या हातानं गावी जायचं कसं, म्हणून ते एका बाईला घेऊन आले. चिनी मातीची, हातभर उंच, डोक्यापासून छातीपर्यंतची. केसांत पानं, पानांत जांभळ्या फळांचे घोस, गालांवर लाली, ओठ जरासे विलग.

आजीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, म्हणतात.

"ही फडताळात राहायची नाय."

"अगो, शोभेची आहे ती."

"मी चुलीपाशी, आणि ही फडताळात बसून दिवसभर तुमच्याकडं बघून हसणार. ठेवायची तर देवी करून ठेवा. नायतर खाडीत सोडा."

आजोबांनी देवी हा पर्याय निवडला. तोवर आमच्याकडे तेरड्याची गौर असे. ओढ्याकाठचा फुललेला तेरडा मुळासकट आणायचा आणि पुजायचा. त्या भाद्रपदात तेरडा गेला आणि तांदळाच्या डब्यावर ही उभी राहिली. आजीनं तिला साडी नेसवली, दोऱ्यानं नथ बांधली, कुंकू लावलं. केसांतल्या फळांना तिनं जांभळं ठरवलं. गौर भाद्रपदात येते आणि जांभळं त्याच्या कितीतरी आधी संपतात, ही अडचण कुणी काढली नाही. विलग ओठांना प्रसन्न मुद्रा म्हणायचं ठरलं. आणि आजीनं एक नियम घातला: गौरीला नेसवायचं ते बायकांनीच, आतल्या खोलीत, दार लावून. पुरुषांनी दार उघडल्यावर आरती घेऊन यावं. हा नियम आम्ही सोवळ्याचा समजून पाळत आलो.

दुसरा नियम आत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती पेणला गेली, गणपतीच्या कारखानदाराच्या घरात. त्या घराला चतुर्थी होईपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. घरातल्या बायाही हातात ब्रश घेऊन बसतात. गणपती एकदाचे घरोघर पोचले की मगच श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासात गौरी येतात. त्यामुळे वर्षात एकदाच, गौरींना, आत्या माहेरी येई. अलीकडे एसटीनं, एकटी, पोह्यांची पिशवी आणि पापडांचा डबा घेऊन. दारातून गौर आत आणायचा मान तिचा. ती गौरीला घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे, कुंकवाची पावलं उमटवत, आणि माझी आई तिला विचारी, काय घेऊन आलीस. आई गेली, वडीलही गेले, तेव्हा माझी बायको विचारू लागली. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. आमच्याकडे गौरीला चिंबोऱ्या लागतात, खाडीतले खेकडे, भरपूर वाटण घातलेले. तिसऱ्या दिवशी गौर पेटीत आणि आत्या पेणला.

तर मी कंपनीच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. काम लवकर उरकलं, बाहेर ऊन होतं, आणि संग्रहालयात गारवा असतो असं ऐकून होतो. कलेशी माझा संबंध एवढाच. फिरता फिरता युरोपच्या दालनात शिरलो. सोनेरी घड्याळं, बशा, अंगठ्याएवढ्या मेंढ्या हाकणारी चिनी मातीची मेंढपाळ जोडपी. आणि एका काचेमागे आमच्या गौरीची सख्खी बहीण वाटावी अशी एक बाई, फक्त मानेपर्यंतची.

"असली आमच्या घरी आहे," मी तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलं.

"सगळ्यांच्याच घरी असते, साहेब," तो म्हणाला. "काचेला हात लावू नका."

माझ्या दुर्दैवानं मागे एक मॅडम उभ्या होत्या. संग्रहालयातल्याच, मोठ्या पदावरच्या. त्यांनी मात्र विश्वास ठेवला. युरोपातल्या शोभेच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन पावसाळ्यात भरणार होतं, आणि इथल्या घरांत राहिलेल्या अशा वस्तू त्या शोधत होत्या. पत्ता घेऊन त्या महिन्याभरात आमच्या रोह्याच्या घरी आल्या.

आल्या त्या पांढरे सुती हातमोजे घेऊन. ते बघून बायकोचं मत त्यांच्याबद्दल एकदम चांगलं झालं. सोवळं पाळणारी बाई आहे, म्हणाली. दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लागलं. मी आणि धाकटा भाऊ सवयीनं बाहेर बसून राहिलो. आरती तेवढी हातात नव्हती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

"अप्रतिम आहे. फ्रान्समधली असावी. झिलई न दिलेलं पोर्सेलीन आहे, म्हणून त्वचा इतकी जिवंत वाटते. तुम्हाला ही कोण आहे कल्पना आहे का?"

"गौर आहे," भाऊ म्हणाला.

"हो, ते आहेच," मॅडम सांभाळून म्हणाल्या. "त्यांच्याकडे मद्याचा एक देव असतो. त्याच्या उत्सवात नाचणाऱ्या त्याच्या सख्या असतात. ही त्यांतली एक. केसांत द्राक्षं आहेत बघा."

प्रसन्न मुद्रेचा उलगडा असा झाला. भाऊ मला हळूच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण तिला नुसत्या चिंबोऱ्याच देत होतो."

मला मात्र दुःख झालं नाही. उलट घारेपणाला कागदोपत्री आधार मिळाल्यासारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या, पेटीखाली पाटी असेल: खासगी संग्रह, रोहा. हे शब्द ऐकल्यावर मी त्यांना फडताळसुद्धा देऊन टाकलं असतं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "द्यायची म्हणता?"

"का नको?"

"तुम्ही नीट बघितलीय का तिला?"

"जन्मापासून बघतोय."

"तिथं साडी नेसवतील का हो तिला?"

मी हसलो. संग्रहालयात साडी कशी नेसवतील, एवढं माझ्या बायकोला कळू नये याची मला गंमत वाटली. तारखांचं काय, एवढंच तिनं विचारलं. तारखा मी बघितल्यात, मी सांगितलं.

आणि खरंच बघितल्या होत्या. प्रदर्शन ऑगस्टच्या सुरुवातीला उघडणार, सप्टेंबरच्या मध्यावर संपणार. यंदा अधिक महिना आहे हे मी ऐकून होतो. अधिक महिना आला की सण लांबतात, म्हणजे गणपती सप्टेंबरच्या शेवटाकडे जातील, तोवर गौर घरी. इतका सरळ विचार होता. मी सही केली.

उद्घाटनाला मी एकटा जाणं बरं दिसलं नसतं. मिनीबस ठरवली. भाऊ, त्याचं कुटुंब, आमच्या गल्लीतली सहा-सात घरं, शेजारचे निवृत्त मास्तर. आत्याला विचारलं, पण चतुर्थीच्या आधी पेणहून ती हलणं शक्य नव्हतं. रोह्याजवळच्या निडीपासूनच मी सगळ्यांना शोभेच्या वस्तूंची माहिती द्यायला लागलो. पेणच्या अलीकडे गडबला चहाला थांबलो तेव्हा निम्मी बस दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

दालन छान सजवलं होतं. मंद अंधार, प्रत्येक पेटीवर तेवढा उजेड. "ती बघा," मी म्हणालो आणि पुढे झालो.

आमची गौर तिथे उभी होती. कुंकू नाही, नथ नाही, आणि साडी नाही. तिचा एक खांदा उघडा होता. खांद्याखाली जे झाकलेलं असावं अशी आम्हा सर्वांची समजूत होती, तेही त्या बाजूला उघडं होतं, आणि वरून दिव्याचा झोत नेमका तिथे पडला होता. पाटीवर लिहिलं होतं: खासगी संग्रह, रोहा.

धाकट्या भावानं शेजारच्या पेटीतल्या सोनेरी घड्याळात किती वाजले ते बघितलं. घड्याळ बंद होतं. तरी तो बघतच राहिला. मास्तरांनी हात जोडले आणि डोळे मिटले. हे भक्तीनं, असं आम्ही सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं. बाकीचे पुरुष फरशीचं काम बघू लागले. फरशी चांगलीच होती. गल्लीतल्या बायका मात्र शांत उभ्या होत्या, आणि माझी बायको माझ्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं," मी तिला म्हणालो.

"दरवर्षी मीच नेसवते," ती म्हणाली. "तुमच्या आजीनं दार कशाला लावलं असेल, वाटलं तुम्हाला?"

परतीच्या बसमध्ये, पेण मागे पडल्यावर, बायकोनं प्रदर्शनाचं पत्रक उघडलं.

"सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे हे."

"हो. गौरी नंतर आहेत. अधिक आहे ना यंदा."

"अधिक आश्विन आहे."

"तेच की."

"आश्विन भाद्रपदानंतर येतो," ती म्हणाली. "त्याच्यामुळं दसरा-दिवाळी लांबतील. गणपती कशाला लांबतील? गणपती याच महिन्यात आहेत. गौरीही."

मागच्या सीटवरून मास्तर म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं." तेवढ्यापुरते ते जागे झाले असावेत.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी मनापासून वाईट वाटून घेतलं. पण पेटी मुदतीआधी उघडता येत नव्हती. विमा होता, करार होता, आणि निमंत्रणपत्रिकेवर फोटो आमच्याच गौरीचा होता. गौरींच्या दिवशी दालन उघडण्याआधी घरच्यांनी येऊन पेटीसमोर पूजा केली तर त्या स्वतः हजर राहतील, म्हणाल्या. धूप तेवढा नको.

हे आत्याला सांगायला पेणला जाणं भाग होतं. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ओळीनं गणपती, मध्ये आत्या पाटावर बसून एकाच्या मुकुटाला सोनेरी रंग देत होती. साठीच्या घरात होती, पण रेघ सरळ उतरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मुकुट पुरा केला, मगच बोलली.

"बघितलंस काय तिला?"

"बघितलं."

"सगळ्यांनी?"

"बसभर लोक होते, आत्या."

"आईनं पन्नास वर्सं दार लावून ठेवलं, आणि तू बस करून दाखवलीस," ती म्हणाली. रागानं नाही, जणू मुकुटाला रंग किती लागला ते सांगावं तसं. "आणि पाटीवर गावाचं नाव पण."

"त्या मॅडम म्हणतात, तिथं जाऊन पूजा करता येईल. मी गाडी करतो, तू चल."

"तिथं जाऊन मी काय करू? काचेतून आत आणू काय तिला? माहेर काचेच्या कपाटात असतं होय रे?"

"मग तुझ्या मुलांना सांगून एक मुखवटा करून घेऊ. त्यांना काय, एका दुपारचं काम."

आत्यानं भिंतीकडे हात केला. तिथे गौरींचे मुखवटे टांगले होते, एकापेक्षा एक.

"वर्सभर मी हेच बघते. रोह्याला मुखवटा बघायला येते व्हय मी?" तिनं दुसरा गणपती पुढे ओढला. "राहू दे. यंदा येत नाय. गौर नाय तर मी कोणत्या निमित्तानं येऊ?"

मी घरी येऊन बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि आत्याचा राग कसा काढावा ते विचारलं. ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती.

"राग कुठं दिसला तुम्हाला यात? मामंजी गेल्यापासून आत्यांना आणायला कोण गेलं?"

"एसटी आहे की. दर अर्ध्या तासाला."

बायकोनं वाल सोलायचं थांबवलं नाही. "माझ्या माहेरी एसटी नाही म्हणून माझा भाऊ येतो काय मला न्यायला?"

माहेरवाशिणीला आणायला जातो त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. वडील होते तोवर ते जात. गौरीच्या आदल्या दिवशी पेणला मुक्काम, सकाळी बहिणीला घेऊन परत. ते गेल्यावर आत्या आपली आपण येऊ लागली, आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं. बोलवायला कुणी येत नाही हे लोकांना दिसायला नको, म्हणून ती गौरीचं नाव पुढे करायची. मीही पेणला गेलो होतो तो गौरीचंच नाव पुढे करून.

गौरी येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा पेणला गेलो. धोतर वगैरे नेसलो नाही, पण वडिलांची छत्री घेतली. कारखाना रिकामा झाला होता. कोपऱ्यात दोन न विकले गेलेले गणपती आणि आत्या, झाडू हातात.

"आता काय राहिलं सांगायचं?"

"काही नाही. न्यायला आलोय."

"गौर आली काय?"

"नाही. तुला न्यायला आलोय."

आत्यानं झाडू भिंतीला टेकवला. आतून सून चहा घेऊन आली, तिला आत्या म्हणाली, "माझ्या भावाचा पोरगा हाय. मुऱ्हाळी आलाय." हे सुनेला माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं ते शेजारच्या कारखान्यातही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मला बसवून पिशवी भरायला आत गेली. पिशवी भरायला फार वेळ लागला नाही. मला वाटतं ती भरलेलीच होती.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. बाहेर भात अजून पोटरीत यायचं होतं. निडी आलं तशी आत्यानं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. मला म्हणाली, "छत्री दादाची ना? एक काडी मोडलीय. नीट करून घे."

दारात बायको ताम्हन घेऊन उभी होती. ताम्हनात तेरडा होता, कालव्याकाठून पहाटे उपटून आणलेला, मुळांना माती तशीच. आत्यानं बघितला आणि बराच वेळ हातात धरून राहिली.

"मी पाचसहा वर्सांची असेन," ती म्हणाली. "आईबरोबर आणायला जायची. मग ही साहेबाची मडम आली." आणि तेरडा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. बायकोनं विचारलं, काय घेऊन आलीस. आत्यानं सगळी उत्तरं नेहमीचीच दिली. नेसवण्यासारखं काही नसल्यानं त्या वर्षी दार लागलं नाही. मी आणि भाऊ तरी बाहेरच बसलो.

दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांचा नैवेद्य झाला. आजवर आत्या गौरीचं आवरण्यात, आल्यागेल्याचं बघण्यात शेवटी जेवायची आणि तिच्या वाट्याला उरलेल्या नांग्या यायच्या. तेरड्याला आवरण्यासारखं काही नव्हतं. ती पहिल्या पंगतीला बसली. नैवेद्य खरोखर खाल्ला जातोय हे आमच्या घरानं पहिल्यांदा बघितलं.

तिसऱ्या दिवशी तेरडा कुंडलिका नदीत सोडला. मी एसटीचं वेळापत्रक बघू लागलो, तेव्हा आत्या म्हणाली, "मी पोचवल्याशिवाय जात नाय. मुऱ्हाळ्यानं आणली तर मुऱ्हाळ्यानंच सोडायची. आणि ती मुंबईवाली परत येऊदे. तिला काय खरचटलंबिरचटलंय ते मलाच बघायला लागंल. तू काय बघणार? आता बघायचं राहिलंय काय तुझं?"

ती राहिली. पेणहून तिच्या मुलाचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ती म्हणाली, देवीचं काम हाय.

सप्टेंबरात मॅडमचा फोन आला. प्रदर्शनाला गर्दी चांगली होती, म्हणून दिवाळीपर्यंत वाढवायचं ठरत होतं. आमची हरकत नसेल तर. मी फोनवर हात ठेवून आत बघितलं. आत्या आणि बायको समोरासमोर बसून वाल सोलत होत्या. या वेळी मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत?" आत्या म्हणाली. "तिथं तिच्याबरोबर कोण कोण हाय?"

"घड्याळं आहेत. एक झुंबर आहे. मेंढपाळ जोडपं आहे. बशा, पेले. सगळं तिकडचंच."

"म्हंजे तिचीच माणसं."

"तसं म्हण."

"मग घाई कसली करतोस? एवढ्या वर्सांनी माहेरी गेलीय ती. राहू दे." वालाचं सालपट तिनं परातीत टाकलं. "खांदा उघडा हाय तिचा, तेवढं त्या बाईला सांग. आता हवा गार व्हायला लागंल."

मी ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काळजी नको, पेटीतलं तापमान दिवसरात्र एकसारखं ठेवलेलं असतं. हे ऐकून आत्याचा जीव भांड्यात पडला, आणि ती बायकोला विचारू लागली, उद्या बाजारात चिंबोऱ्या मिळतील काय.